आधी वारा बघा, पाऊस नंतर : ट्रेड विंड्सच्या बेटावरचा दोन दिवसांचा अंदाज कसा वाचायचा

हवाईला निघालेला कुणीही माणूस घ्या, जायच्या आधी तो फोनवरचं वेदर ॲप उघडतो आणि त्याचा चेहरा पडतो, कारण सातच्या सात दिवस ढग आणि पावसाचे थेंब, कुठे ५० टक्के कुठे ६० टक्के, आणि त्याला वाटतं झालं, ट्रिप पाण्यात गेली. तिथे पोचल्यावर वायकीकी किनाऱ्याच्या वाळूवर लख्ख ऊन असतं, पाऊस म्हणाल तर दुपारी दोन मिनिटं भुरभुर झाली तेवढीच. आणि याच्या उलटही होतं. ॲपवर सूर्य दिसतोय म्हणून कुणी सकाळीच डोंगराकडच्या पायवाटेला लागतो आणि अर्ध्या तासात चिंब भिजून परत येतो.

यात ॲप खोटं बोलत नसतं. अडचण अशी आहे की अशा बेटावर 'आज पाऊस आहे का' हा प्रश्नच अर्धवट आहे. बेटाच्या कुठल्या बाजूला, किती उंचीवर, दिवसा की रात्री, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही, आणि ही सगळी उत्तरं ठरतात वाऱ्यावर. म्हणून मी नेहमी सांगतो की अंदाज उघडला की आधी वाऱ्याची ओळ वाचा, पावसाचा आकडा नंतर बघू.

तिथल्या सरकारी हवामान खात्याच्या अंदाजातलं एक नेहमीचं वाक्य मराठीत साधारण असं होईल : 'बहुतांश ऊन, वाऱ्याच्या बाजूला आणि माउका भागात विखुरलेल्या सरी, पूर्वेचा वारा ताशी २५ ते ४० किमी.' माउका म्हणजे हवाईयन भाषेत डोंगराच्या दिशेला, आणि माकाई म्हणजे समुद्राच्या दिशेला. तिथले लोक रस्ता सांगतानाही हेच शब्द वापरतात. त्या एका वाक्यात जवळजवळ सगळं येऊन गेलंय, फक्त ते उलगडता आलं पाहिजे.

आता हा वारा, म्हणजेच ट्रेड विंड्स, मुळात येतो कुठून ते बघू. विषुववृत्ताजवळ हवा तापून वर जाते, वरच्या थरातून ध्रुवांकडे सरकते आणि साधारण ३० अंश अक्षांशाच्या आसपास खाली बसते. जिथे खाली बसते तिथे हवेचा दाब जास्त. तिथून ती समुद्राच्या पृष्ठभागावरून परत विषुववृत्ताकडे निघते, पण पृथ्वी फिरत असल्यामुळे सरळ न येता वळते, म्हणून उत्तर गोलार्धात हा वारा ईशान्येकडून येतो आणि दक्षिण गोलार्धात आग्नेयेकडून. पृथ्वीच्या फिरण्याचा हा मुद्दा जॉर्ज हॅडलीने १७३५ मध्ये मांडला होता. त्याच्याही आधी १६८६ मध्ये एडमंड हॅलीने, तोच धूमकेतूवाला, या वाऱ्यांचा नकाशा काढला होता. आपण शाळेत 'पूर्वीय वारे' शिकलो ते हेच. 'व्यापारी वारे' हे नाव ट्रेड शब्दाचं सरळ भाषांतर आहे, पण इंग्रजीत त्या शब्दाचा जुना अर्थ वाट किंवा ठरलेला मार्ग असा होता, म्हणजे एकाच वाटेने सतत वाहणारा वारा. मला तो अर्थ जास्त आवडतो कारण या वाऱ्याचा खरा गुण तोच आहे, तो टिकून वाहतो. हवाईत उन्हाळ्यातले बहुतेक सगळे दिवस हाच वारा असतो, हिवाळ्यात मात्र जवळजवळ निम्मे दिवस तो गायब असतो किंवा दिशा बदलतो. (वाऱ्याची दिशा सांगतात ती तो जिथून येतो ती, हे डोक्यात पक्कं असू द्या, नाहीतर पुढचं सगळं उलटं वाचलं जाईल.)

आता झाकण. माझ्या मते या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी सांगितला जाणारा भाग हाच आहे.

वरून खाली बसणारी जी हवा आहे ती खाली येताना दाबली जाते, त्यामुळे गरम आणि कोरडी होते. खालची समुद्रावरची हवा दमट आणि त्यामानाने गार. दोघी एकमेकींवर टेकतात तिथे एक थर तयार होतो ज्यात वर जाल तसं तापमान कमी होण्याऐवजी वाढतं. शास्त्रात याला तापमानाची विपरीतता म्हणतात, आपण झाकण म्हणू. हवाईत हे साधारण दोन ते अडीच हजार मीटरवर असतं. दिवसातून दोनदा रेडिओसोंड (तापमान आणि दमटपणा मोजून रेडिओने खाली कळवणारं छोटं यंत्र) लावलेला फुगा सोडतात, हवाईत लिहुए आणि हिलो अशा दोन ठिकाणांहून, आणि त्याचा आलेख बघितला की झाकण डोळ्याला दिसतं. समजा समुद्राजवळ २६ डिग्री आहे, फुगा वर जातोय, २०, १७, १४, असं करत २,१०० मीटरला ११ डिग्रीवर आला, आणि मग तापमानाची रेघ एकदम उजवीकडे वळते, २,४०० मीटरला चक्क १४ डिग्री, आणि त्याच जागी दमटपणाची रेघ डावीकडे धाडकन पडते. दोन रेघा एकमेकींपासून फाकतात, अगदी पक्ष्याने चोच उघडावी तशा. ती चोच दिसली की समजायचं, आज ढग इथपर्यंतच.

ढगाला वर जायला तिथे जागाच नसते, वरची हवा त्याच्यापेक्षा गरम असल्याने तो आपटतो आणि आडवा पसरतो. म्हणून ट्रेड विंड्सचे ढग ठेंगणे, कापसाच्या बोळ्यांसारखे, तळ साधारण ६००-७०० मीटरला आणि डोकी सगळी एका रेषेत कापल्यासारखी. अशा ढगातून पडणारा पाऊस म्हणजे पळत्या सरी, पाच-दहा मिनिटांचा खेळ. ढगात बर्फ तयार होण्याइतकी उंचीच नसते, लहान थेंब एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि पडतात, बस. झाकण १,५०० मीटरपर्यंत खाली आलं तर शिंतोड्यापलीकडे फारसं काही होत नाही. तेच अडीच-तीन हजारांवर गेलं की सरी जोरदार होतात, आणि झाकणच निघालं तर मग गोष्ट वेगळी, त्याकडे पुढे येतोच.

आता या ठेंगण्या ढगांच्या वाटेत डोंगर उभा करा. वारा डोंगराला धडकतो, हवा वर ढकलली जाते, गार होते, ढग दाट होतात आणि पाऊस तिथेच, वाऱ्याच्या तोंडावरच्या बाजूला, सांडतो. पलीकडे उतरताना हवा परत गरम आणि कोरडी होते, ती आडोशाची बाजू, पर्जन्यछाया. हे आपल्याला भूगोलात माहीत असतं पण बेटावर ते किती टोकाचं असू शकतं याचा अंदाज नसतो. हवाईच्या मोठ्या बेटावर पूर्वेला हिलो आहे, तिथे वर्षाला ३,२०० मिमीच्या आसपास पाऊस, आणि त्याच बेटाच्या पश्चिमेला कवाइहाय, तिथे कसाबसा २५० मिमी. ओआहू बेटावर तर याहून जवळचं उदाहरण आहे, मानोआ दरीच्या आतल्या टोकाला वर्षाला ४,००० मिमीच्या घरात आणि तिथून अवघ्या सात-आठ किमीवर वायकीकीचा किनारा जिथे ६००-७०० मिमी. दुपारी वायकीकीला उभं राहून डोंगराकडे तोंड केलंत की मागून पश्चिमेचं ऊन आणि समोर दरीत पडणारी सर, त्यामुळे इंद्रधनुष्य ही तिथे रोजच्यासारखी गोष्ट आहे. ॲपने त्या दोघांनाही एकाच शहराच्या नावाखाली एकच चित्र दाखवलं तर दोघांपैकी एकाची फसगत ठरलेलीच.

यात अजून एक गंमत आहे जी मला स्वतःला फार उशिरा कळली. डोंगर झाकणापेक्षा बुटका आहे की उंच, यावर सगळं फिरतं. कौआई बेटावरचं वाइआलेआले शिखर १,५६९ मीटर, म्हणजे झाकणाच्या खाली, तिथे हवा माथ्यापर्यंत चढते आणि सगळ्यात जास्त पाऊस माथ्यावरच, वर्षाला ११,००० मिमीच्या आसपास, जगातल्या सगळ्यात ओल्या जागांपैकी एक. उलट मोठ्या बेटावरचा मौना केआ ४,२०५ मीटर, झाकणाच्या खूप वर. तिथे वारा डोंगर ओलांडूच शकत नाही, बाजूने वळसा घालून जातो, सगळ्यात जास्त पाऊस उताराच्या खालच्या पट्ट्यात पडतो आणि माथा कोरडा ठणठणीत, म्हणूनच तर तिथे एवढ्या मोठमोठ्या दुर्बिणी बसवल्यात. सकाळी हिलोत रिपरिप चालू असते आणि तोच डोंगर चढून गेलं की ढगांचा पांढरा गालिचा पायाखाली आणि वर निळंशार आकाश.

आणि जिथे डोंगरच नाही तिथे? कॅरिबियनमधलं अरुबा बघा, सपाट बुटकं बेट, वर्षभर दणकून ट्रेड विंड्स आणि पाऊस वर्षाला ५०० मिमीच्या आसपास. वारा आहे, दमट हवा आहे, पण ढकलून वर न्यायला काहीच नाही. तिथली दिवी-दिवीची झाडं वाऱ्याने एका बाजूला इतकी वाकलेली असतात की झाड बघून दिशा सांगता येते. दक्षिण गोलार्धात मॉरिशस घ्या, तिथे वारा आग्नेयेचा, म्हणून मधल्या पठारावरचं क्युरपीप ओलं आणि गार, आणि वायव्येच्या किनाऱ्यावरचं पोर्ट लुई आडोशाला, कोरडं आणि गरम.

म्हणजे बेटाचा नकाशा आणि वाऱ्याची दिशा एवढं हातात असलं तरी अंदाज अर्धा वाचून झाला. उरलेला अर्धा म्हणजे 'आज काय वेगळं आहे'.

यासाठी माझी आवडती युक्ती अगदी साधी आहे, गणित पण शाळेतलं. सॅटेलाईटचं चित्र उघडा आणि बेटाकडे बघू नका, वारा जिथून येतोय तिकडे बघा. वारा ताशी २५ किमीने पूर्वेकडून येत असेल तर बेटाच्या पूर्वेला ३०० किमीवर जो ढगांचा पुंजका दिसतोय तो साधारण १२ तासांनी बेटावर असेल, आणि ६०० किमीवरचा उद्या याच वेळी. अंदाज लिहिणारे लोकही हेच करत असतात, त्यांच्या भाषेत 'वाऱ्याच्या वरच्या अंगाला दमट पट्टा आहे, आज रात्री पोचेल, सरी वाढतील' असं वाक्य आलं की ते हा पुंजका बघून लिहिलेलं असतं. मी असे पट्टे तासन्‌तास बघत बसतो, बरेचदा हिवाळ्यातल्या एखाद्या विरून गेलेल्या फ्रंटचे (गार आणि गरम हवेच्या सीमेचे) हे उरलेसुरले तुकडे असतात, वाऱ्यावर तरंगत येतात, एक रात्र भिजवून जातात. रडार मात्र इथे थोडं जपून वापरायचं, ढग ठेंगणे असल्यामुळे लांबवरच्या सरींच्या वरूनच रडारचा किरण निघून जातो आणि स्क्रीनवर काही नाही पण बाहेर पाऊस, असं होतं.

रात्र हा शब्द मुद्दाम वापरला. तोंडावरच्या बाजूला सरी रात्री उशिरा आणि पहाटे जास्त असतात. रात्री ढगांचे माथे उष्णता बाहेर टाकून गार पडतात, त्यामुळे ढगातली उलथापालथ वाढते, शिवाय उंच बेटावर डोंगरावरची गार हवा खाली घसरत किनाऱ्यापर्यंत येते आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याला भिडते, तिथे हवा वर उचलली जाते. म्हणून अंदाजात 'मुख्यतः रात्री आणि सकाळी' असं लिहिलेलं असेल तर ते गांभीर्याने घ्या, दिवसाचा प्लॅन त्यावर ठरतो.

टक्क्यांचं काय? ५० टक्के म्हणजे अर्धा दिवस पाऊस नाही आणि अर्ध्या बेटावर पाऊस असंही नाही. अमेरिकी खात्याच्या व्याख्येप्रमाणे त्या भागातल्या कुठल्याही एका जागी, त्या वेळात, मोजता येईल इतका पाऊस पडण्याची शक्यता, आणि 'मोजता येईल इतका' म्हणजे अवघा पाव मिलिमीटर. एक पळती सर आली आणि अंगण ओलं झालं की तो पाऊस मोजला गेला. म्हणजे तोंडावरच्या बाजूला ७० टक्के लिहिलेला दिवससुद्धा बऱ्यापैकी उन्हाचा असू शकतो. टक्क्यांपेक्षा किती मिमी आणि कुठे हे बघा.

आणि फोनमधलं ॲप बऱ्याचदा जागतिक मॉडेलमधून, म्हणजे सगळ्या पृथ्वीचे चौकोन पाडून हवामानाचं गणित करणाऱ्या संगणकाकडून, आकडे उचलतं. अमेरिकेच्या जीएफएस मॉडेलचा चौकोन साधारण १३ किमीचा, युरोपियन मॉडेलचा ९ किमीचा. ओआहू बेट सगळं मिळून ७० किमी लांब आणि ५० किमीहून कमी रुंद, त्यावर कूलाऊ डोंगररांगेची अरुंद धार, ९६० मीटर उंच. एवढ्या मोठ्या चौकोनात ती धार पसरून गुळगुळीत टेकाड होऊन जाते. डोंगरच चपटा केल्यावर ओली बाजू आणि कोरडी बाजू वेगळी कशी दिसणार? म्हणून स्थानिक खात्याच्या माणसाने हाताने लिहिलेला मजकूर वाचा, त्याला डोंगर माहीत असतो.

आता वारा बदलला की काय. पावसाचा आकडा तोच दिसत असला तरी इथे दिवस पूर्ण बदलतो.

वारा पडला, समजा ताशी १० किमीच्या खाली आला, तर ओली बाजू-कोरडी बाजू हा हिशोबच मोडतो. दिवसा जमीन तापते, चारी बाजूंनी समुद्रावरची हवा आत शिरते, दुपारी बेटाच्या मध्यावर ढग जमतात आणि पाऊस तिथे पडतो, रात्री आकाश मोकळं. उकाडा वाढतो, घाम वाळत नाही. हवाईत किलाउएआ ज्वालामुखीतून वायू निघत असेल तर तो धुरकटपणा एरवी वारा समुद्राकडे घेऊन जातो, वारा पडला किंवा आग्नेयेचा झाला की धुरकट हवा बाकीच्या बेटांवर पसरते, दम्याच्या माणसांनी अंदाजातली ही ओळ चुकवू नये. मोठ्या बेटाच्या कोना किनाऱ्यावर तर हे असं दुपारच्या ढगांचं चक्र उन्हाळाभर चालतं, कारण पाठीशी एवढे उंच डोंगर आहेत की ट्रेड विंड्स तिथे पोचतच नाहीत, आणि म्हणून बाकी हवाईत हिवाळा ओला असताना कोनाच्या उतारावर पाऊस उन्हाळ्यात जास्त, तिथली कॉफी त्याच पावसावर वाढते. प्वेर्तो रिकोतही असंच, ईशान्येचं एल युंके जंगल वाऱ्यामुळे ओलं, पण दुपारी पश्चिम टोकाला समुद्री वारा आणि ट्रेड विंड्स समोरासमोर येतात आणि आडोशाच्या बाजूला गडगडाटी पाऊस कोसळतो.

वारा नैऋत्येचा झाला, हिवाळ्यात फ्रंट किंवा कमी दाब जवळ आला की होतो, तर बाजूच उलटतात, एरवी कोरडा असलेला किनारा तोंडावर येतो. आणि वरच्या थरात थंड हवेची खोलगट पट्टी आली तर झाकण उचकटलं जातं, ढग दहा-बारा किमीपर्यंत चढतात, आणि मग पळत्या सरी नाही तर तासन्‌तास एकाच दरीवर ओतणारा पाऊस. अंदाजात 'वरच्या थरात कमी दाब' आणि 'गडगडाट' हे दोन शब्द एकत्र दिसले की त्या दिवशी ओढ्याकाठी, धबधब्याखाली जाऊ नका. तुमच्या डोक्यावर ऊन असतं, पाऊस वर डोंगरात पडत असतो, आणि पाणी काही मिनिटांत चढतं. आधी गढूळ पाणी, मग पालापाचोळा आणि काटक्या वाहत आल्या, की विचार न करता काठ चढायचा, पलीकडे ओलांडायचा प्रयत्न करायचा नाही.

आणि वारा वाढला तर? लोक याला चांगली हवा समजतात कारण गार वाटतं, आकाशही निळं असतं. माझी सगळ्यात जास्त कळकळ इथे आहे. उत्तरेला जास्त दाबाचं केंद्र बळकट झालं की दोन बेटांमधल्या आणि दोन डोंगरांमधल्या फटीतून वारा पिळून निघतो, माउई बेटाच्या मधल्या सपाटीवर आणि माउई आणि मोठ्या बेटामधल्या अलेनुइहाहा खाडीत तो बाकीपेक्षा कितीतरी जोराचा असतो, लहान होड्यांना इशारे लागतात. पण त्याहून वाईट होतं ते आडोशाच्या उतारावर. झाकण डोंगरमाथ्याच्या जरा वर असेल तर हवा माथा आणि झाकण यांच्यात चेपली जाते आणि पलीकडे पाण्यासारखी घसरत खाली येते, गरम, कोरडी, सुसाट. ८ ऑगस्ट २०२३ ला माउईच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लाहाइनात असाच उतारावरचा वारा होता, ताशी १०० किमीच्या आसपास झोत, आजूबाजूला वाळलेलं गवत, आणि त्यात आग लागली. शंभरावर माणसं गेली. त्या दिवशी पावसाचा आकडा जवळपास शून्य होता. जोराच्या वाऱ्याचा आणि आगीच्या धोक्याचा, असे दोन्ही इशारे त्या दिवशी लागू होते, पण ते वाऱ्याच्या ओळीत होते, ढगाच्या चित्रात नव्हते.

तापमानाबद्दल फार लिहीत नाही कारण तिथे किनाऱ्यावर ते आज आणि उद्या जवळपास सारखंच असतं. लाटांचंही थोडक्यात, पूर्वेकडच्या किनाऱ्यावरच्या खवळलेल्या आखूड लाटा या ट्रेड विंड्सच्या, पण हिवाळ्यात उत्तर किनाऱ्यावर येणाऱ्या अजस्र लाटा हजारो किमी लांबच्या वादळांच्या असतात, वारा शांत असताना पण येतात, त्यामुळे लाटांचा अंदाज वेगळाच उघडून बघा.

मग परत त्या सुरुवातीच्या वाक्याकडे जाऊ. 'बहुतांश ऊन, वाऱ्याच्या बाजूला आणि माउका भागात विखुरलेल्या सरी, पूर्वेचा वारा ताशी २५ ते ४० किमी.' वारा पूर्वेचा, म्हणजे पूर्वेचा किनारा आणि डोंगर ओले, पश्चिम कोरडी. जोर मध्यमच्या वर, म्हणजे ओआहूसारख्या बुटक्या डोंगराच्या बेटावर एखाद-दुसरी सर धार ओलांडून पलीकडे येईल, आडोशाला पण छत्रीभर शिंतोडे. सरी विखुरलेल्या, गडगडाट नाही, म्हणजे झाकण जागेवर आहे. आता सॅटेलाईटवर पूर्वेला नजर टाका, पुंजका नसेल तर पहाटेच्या चार सरी सोडल्या तर उद्याचा दिवस तुमचा. ४०० किमीवर पुंजका असेल आणि वारा ३० चा असेल तर तेरा-चौदा तास धरा, संध्याकाळी बघत असाल तर तो सकाळी पोचेल, म्हणून पूर्वेकडच्या पायवाटा परवावर टाका आणि उद्या पश्चिमेला जा.